मुलांच्या मोबाईलवरच्या चिप्स-कोल्ड्रिंकच्या जाहिराती कशा रोखायच्या

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला आणि त्यांची जाहिरात करायला एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या नियमांनी बंदी आहे. पण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शाळेतून घरी आलेलं मूल दप्तर टाकून आईचा मोबाईल उचलतं, तिथं हा नियम पोचत नाही. आणि खरी गोम इथंच आहे. मूल आईबाबांच्या खात्यावर बघत असलं की गूगल-यूट्यूबच्या लेखी समोर मोठं माणूसच बसलेलं असतं. मुलांच्या खात्यांसाठी घातलेली बंधनं मग लागूच होत नाहीत.

म्हणून आधी खातं वेगळं करा. मूल १३ वर्षांखालचं असेल तर फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपवरून त्याचं गूगल खातं काढा आणि जन्मतारीख खरीच टाका. वय वाढवून टाकलंत तर केलेलं सगळं फुकट. मग यूट्यूब किड्स हे यूट्यूबचं मुलांसाठीचं अ‍ॅप लावा. तिथं खाण्यापिण्याच्या पैसे भरून दिलेल्या जाहिरातींना परवानगी नाही. मात्र खाऊच्या कंपनीनं स्वतःच्या चॅनेलवर टाकलेला व्हिडिओ किंवा चॉकलेट खाण्याची स्पर्धा लावणारा व्हिडिओ यात जाहिरात धरला जात नाही, तो आत शिरू शकतो. त्यावर उपाय म्हणजे पालकांच्या सेटिंगमध्ये मुलाच्या प्रोफाइलला ‘फक्त मंजूर केलेलं’ हा पर्याय लावणं. मग शोध बंद होतो आणि तुम्ही निवडलेलीच चॅनेल दिसतात. सुरुवातीला दहा-पंधरा तरी निवडा, नाहीतर दोन दिवसांत कंटाळून मूल पुन्हा तुमच्या फोनकडे वळेल.

घरात एकच फोन असेल तर तुमच्या गूगल खात्यातल्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये वैयक्तिक, म्हणजे तुमची आवडनिवड बघून दाखवलेल्या, जाहिराती बंद करता येतात. पण त्यानं जाहिराती कमी होत नाहीत. चालू असलेला व्हिडिओ आणि तुमचं गाव बघून त्या येतच राहतात. वैयक्तिक जाहिराती सुरू ठेवून नको ते ब्रँड तिथंच एकेक करून कमी करणं जास्त उपयोगी पडतं. इंटरनेटशिवाय चालणारा गेम असेल तर खेळताना विमान मोड लावा, मधल्या जाहिराती बहुतेक थांबतात.

पेठेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मोठ्या पोरांना गाठायला एनर्जी ड्रिंकवाले रील वापरतात. इथं सेटिंगचा फारसा उपयोग नाही, पेयाचा डबा हातात घेऊन त्यावरचं वाचायला शिकवा. नियमानुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे २५० मिलीच्या डब्यात साधारण ३६ ते ७५. मुलांसाठी शिफारस नाही, असं डब्यावर छापणं सक्तीचं आहे. ती ओळ त्यालाच शोधायला लावा. साखरेचा आकडा बहुधा १०० मिलीचा असतो, तिथंच फसगत होते. १०० मिलीला ११ ग्रॅम असेल तर २५० मिलीत साडेसत्तावीस ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या चमच्यानं साडेपाच चमचे. ताकदच हवी असेल तर गंगावेशीत कट्ट्यावरचं दूध आहे की!

तक्रार नुसत्या ‘जंक फूडची जाहिरात दिसली’ एवढ्यावर टिकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतलं नेमकं काय मोडलं ते लिहा: मुलांच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांसाठीच्या चॅनेलवर चिप्स, कोल्ड्रिंकसारख्या पदार्थांची जाहिरात, पुराव्याशिवाय बुद्धी किंवा ताकद वाढण्याचा दावा, वस्तू घेतली नाही तर मूल इतरांपेक्षा कमी ठरेल असं सुचवणं. जाहिरात आणि व्हिडिओचं नाव एकाच चित्रात येईल असा स्क्रीनशॉट काढा, तो कापू नका. जाहिरातीवरच्या छोट्या ‘आय’ खुणेवर दाबून जाहिरातदाराचं नाव टिपा. तारीख आणि वेळही लिहा, कारण तीच जाहिरात पुन्हा सापडेलच असं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा, पाठपुरावा त्यावरच होतो. फाटकाजवळच्या दुकानाची तक्रार मात्र इथं नको. ती अन्न व औषध प्रशासनाकडे करा.