वायफाय जोडलेलं, पण नेट नाही

मोबाइलवर नेट मस्त चालू आणि कॉम्प्युटरवर मात्र 'नो इंटरनेट', म्हणजे राउटरला शिव्या देऊन काही उपयोग नसतो. जळगावला मामांच्या खताच्या दुकानात हेच झालं, बिलं अडकली, काउंटरवर गिऱ्हाईक उभं, आणि मामा म्हणतात, "काय झालं रे भो, बघ ना जरा." कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig, मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) टाकलं तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, मशीनने आपल्या मनाने घेतलाय. रिलीज-रिन्यू, म्हणजे तो पत्ता सोडून राउटरकडे नवा मागणं, करून फरक शून्य. मग सरळ विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथून अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, आणि नेटवर्क रीसेट. दाबायच्या आधी वायफायचा पासवर्ड लिहून ठेवा बरं का, तो पुसला जातो, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला वगैरे सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) असेल तर तेही परत टाकावं लागू शकतं. मशीन ५ मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होतं, तेवढ्यात उघडी कामं सेव्ह करून घ्यायची. चालू झाल्यावर पासवर्ड टाकला, राउटरकडून पत्ता १९२.१६८ चा आला आणि नेट सुरू. फक्त शेजारच्या मशीनवरचा शेअर केलेला प्रिंटर दिसेना, कारण रीसेटनंतर नेटवर्क पब्लिक, म्हणजे शेजारच्या मशीन्सपासून लपणारं, होऊन बसलं होतं, ते प्रायव्हेट केलं तसा तोही आला.