अर्धी खरवडलेली तार

मुलांना वीज शिकवायची तर तयार किट आणू नका. त्यात सगळं आधीच जोडलेलं असतं. पोरगं बटण दाबतं, पंखा फिरतो, घरचे टाळ्या वाजवतात, संपलं. माझं सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. जास्त करून यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरी येतात. मे महिन्यात पाचवी ते आठवीची पोरं आत येऊन बसतात, ती शिकायला नाही, कूलरसाठी. बसलीच आहेत तर मी त्यांना कामाला लावतो.

सामान असं: दीड व्होल्टचे दोन सेल, एक लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा तुकडा), दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, फुटक्या स्पीकरचा मॅग्नेट, काचपेपर आणि २६ गेज जाडीची वायंडिंग वायर, म्हणजे मोटरीत गुंडाळतात ती तांब्याची तार. वायर कुठल्याही रिवायंडिंगवाल्याकडे मागा, उरलेले तुकडे तो असेच देईल.

काय वापरायचं नाही, तेही आधी सांगा. घरच्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, तिकडे बोट, पिन, तार काहीच जाणार नाही. मोबाइलची जुनी बॅटरीही नको. तिची टोकं जुळली तर ती पेट घेऊ शकते. घरात लहान भावंड असेल तर घड्याळातले बटण सेल लांब ठेवा, गिळले तर जिवावर बेततं.

पहिल्या दिवशी फक्त एलईडी पेटवायचा. दोन सेल एकामागे एक, मध्ये रेझिस्टर, एलईडीचा लांब पाय प्लसकडे. उलटा लावला की पेटत नाही, हे पोरांना स्वतःला सापडू द्या. मग सर्किट एका जागी तोडून त्या फटीत वस्तू लावायला सांगा: किल्ली, काचेची बांगडी, पेन्सिलीचं शिसं, नाणं, मिठाचं पाणी. लिंबाची बॅटरी मी करत नाही. एका लिंबातून जेमतेम एक व्होल्ट मिळतो, करंट नावालाच. अर्धा तास खटपट करून पोरं कंटाळतात आणि लिंबू सरबतातच बरं.

आता त्याच फटीत वायंडिंग वायर लावा. तांब्यासारखी चकाकते, पण एलईडी पेटणार नाही. "काका, तांबं आहे की ओ हे, मग का पेटंना?" हा प्रश्न आला की गप्प बसा. कुणीतरी नखाने खरवडतंच. मग काचपेपर हातात द्या. दोन्ही टोकं घासली की खालचा गुलाबी तांबा दिसतो आणि एलईडी लागतो. तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा, पातळ थर असतो. वेढे एकमेकांना चिकटून असले तरी करंट आडवा उडी मारत नाही तो त्याच्यामुळे. हे इनॅमल उष्णतेने जळतं तेव्हा मोटर माझ्याकडे येते.

दुसऱ्या दिवशी मोटर. जाड मार्करवर तारेचे १२ वेढे घेऊन ते काढून घ्या, हीच कॉइल. दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढा, तीन बोटं लांब ठेवा, आणि एकेक पीळ कॉइलभोवती घालून घट्ट करा. टोकं एका सरळ रेषेत नसतील तर कॉइल लडबडते. एका सेलच्या दोन्ही तोंडांना सेफ्टी पिना लावून त्यावरून ट्यूबची पट्टी ओढा. पिना उभ्या, त्यांची गोल भोकं वर. सेलवर मॅग्नेट ठेवा, कॉइलची टोकं भोकांत अडकवा.

खरी गंमत खरवडण्यात आहे. एक टोक चारी बाजूंनी खरवडायचं. दुसऱ्यासाठी कॉइल टेबलावर चाकासारखी उभी धरायची आणि त्या टोकाची फक्त वरची बाजू घासायची, खालचं इनॅमल शाबूत ठेवायचं. पण लगेच सांगू नका. आधी दोन्ही टोकं पूर्ण खरवडू द्या. कॉइल थरथरते, मागेपुढे डुलते, फिरत नाही. मग नवीन कॉइल करून अर्धं खरवडायला लावा, बोटाने हलकी टिचकी मारायला सांगा, आणि ती भिरभिरते.

कारण असं की करंट गेला की कॉइल चुंबक होते आणि मॅग्नेट तिला अर्धा फेरा फिरवतो. करंट तसाच राहिला तर पुढच्या अर्ध्यात तोच तिला मागे खेचणार. तेवढ्यापुरतं इनॅमल करंट तोडतं आणि कॉइल आपल्या वेगात उरलेला फेरा घेते. नाहीच फिरली तर टोकं पुन्हा घासा, मॅग्नेट जवळ आणा, सेल बदला. थांबली की कॉइल लगेच काढा, नाहीतर सेल तापतो.

मग उलटं करा, मोटर फिरवून वीज काढा. खेळण्यातल्या मोटरीच्या दोन तारांना तोच लाल एलईडी जोडा, रेझिस्टर नको. दांड्याला दोरा गुंडाळून जोरात ओढा. एलईडी चमकतो. नाही चमकला तर पाय अदलाबदल करा. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व हेच. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, तिथे दोरा ओढायचं काम वाफ करते.

शेवटी एखादं चलाख पोरगं विचारतंच, "मागाच्या मोटरीत अर्धी खरवडलेली तार कुठंय?" ती तिथे नसते. थ्री फेजमध्ये, म्हणजे एकामागोमाग चढउतरणाऱ्या तीन विजेच्या लाइनींवर, चुंबकत्वच गोल फिरतं आणि आतला फिरता भाग, रोटर, त्याच्यामागे पळतो. हे फळ्यावर काढून पटत नाही. जळालेली मोटर उघडून स्टेटर, म्हणजे बाहेरचा न फिरणारा भाग, पुढ्यात ठेवा, कॉइली बसतात त्या खाचा मोजायला लावा, आणि तीन रंगांच्या खडूने तीन फेजच्या कॉइली रंगवून घ्या.