‘काही करत नाही हो तो!’ : कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाला बाहेर कसं न्यायचं

मोकळा कुत्रा धावत येतो, मूल किंचाळतं आणि लांबून मालकाचा आवाज येतो, ‘काही करत नाही हो तो!’ हे वाक्य ऐकून ज्यांच्या अंगाचा तिळपापड होतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं स्वतःचं लहानपण कुत्र्यांच्या गळ्यात पडण्यात गेलं. त्यामुळे थोरली पहिल्यांदा कुत्रा बघून माझ्या मांडीला घोरपडीसारखी चिकटली, तेव्हा मला चक्क हसू आलं. मग धाकटा तसाच निघाला, पाठोपाठ बहिणीचा मुलगाही. तिघांना घेऊन काही वर्षं जवळजवळ रोज बागेत गेले. मिळालेले बहुतेक सल्ले टाकाऊ होते. ‘घरात एक पिल्लू आणा, भीती पळते’ हा त्यातला सगळ्यात टाकाऊ. मुलाची भीती घालवायला जीव पाळायचा नसतो. भीती गेली नाही तर त्या पिल्लाचं काय करणार, हे सांगायला सल्ला देणारे पुन्हा येत नाहीत.

घरी: झाड व्हायला शिकवा

पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं कुत्र्याच्या रक्तात आहे. मूल पळालं, किंचाळलं, हात हलवायला लागलं की कुत्र्याच्या लेखी तो खेळ सुरू झाला. म्हणून झाड व्हायचं: पाय जमिनीत, हात पोटाशी गुंफलेले, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंड बंद. मनात हळूहळू आकडे मोजायचे. झाडात कुत्र्याला काही गंमत नसते. तो हुंगतो आणि बहुतेक वेळा निघून जातो. धक्का लागून पडलंच तर दगड व्हायचं: गुडघे पोटाशी, हात मानेमागे, कान झाकलेले. हे घरात, कुत्रा आसपास नसताना, हसतखेळत पंचवीस वेळा करून घ्या. तुम्ही कुत्रा व्हा. आमच्याकडे मी भुंकत सोफ्याभोवती फिरायचे आणि जो हलला तो बाद.

कुत्रा वाचायला शिकवा

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हे अर्धवट ज्ञान आहे. सगळं अंग सैल आणि शेपटीबरोबर ढुंगणही डुलतंय, तर ठीक. पण अंग ताठ, शेपूट वर आणि तिचं फक्त टोक थरथरतंय, तर लांब राहायचं. झोप आलेली नसताना जांभई देणं, खायला नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं ही अस्वस्थ कुत्र्याची चिन्हं. पट्ट्याला पिवळी फीत बांधलेली दिसली तर अनेक ठिकाणी तिचा अर्थ ‘या कुत्र्याला मोकळी जागा हवी’ असा असतो. हे कळलं की मुलाला करायला काही काम मिळतं. बहिणीचा मुलगा तर पुढे पुढे मलाच सांगायचा, ‘मावशी, त्याने जांभई दिली. आपण पलीकडून जाऊ.’

ते वीस सेकंद

आता खरा अवघड भाग. मी इथेच सपशेल आपटले होते.

थोरली तेव्हा पाच वर्षांची. तपकिरी, वासराएवढा कुत्रा समोरून उधळत आला आणि कुठलीही आई करेल तेच मी केलं: पोरीला झटकन वर उचललं. कुत्र्याला वाटलं, वर धरलेलं ते काहीतरी आपल्यासाठीच आहे. त्याने पुढचे दोन्ही पाय माझ्या खांद्यावर टाकले. लेकीच्या सॅंडलचा पट्टा त्याच्या तोंडात आणि ती माझ्या कानात किंचाळतेय. मालक मागून रमतगमत आले. पट्टा उपरण्यासारखा गळ्यात टाकलेला, फोन कानाला. लेकीकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘एवढं काय घाबरायचं? खेळायला बघतोय तो.’ मी पाच मिनिटं त्यांची जी खरडपट्टी काढली, ती ऐकायला चालणारी माणसं थांबली. आपण मोठं काम केलं असं मला वाटत होतं. रात्री पांघरुणात लेक म्हणाली, ‘आई, तू पण घाबरली होतीस ना? म्हणून ओरडत होतीस.’

कुत्र्यापेक्षा माझ्या ओरडण्याने तिला जास्त पटलं होतं की ही गोष्ट खरोखरच भयंकर आहे. त्यानंतर महिनाभर ती बागेच्या फाटकातून आत यायला तयार नव्हती.

म्हणून आधी कुत्रा, मग मालक. दोन्ही आघाड्या एकाच वेळी लढवायच्या नाहीत.

कुत्र्यासाठी: मुलाला उचलू नका, मागे घ्या. तुमचं शरीर हेच कुंपण. एक पाय किंचित पुढे, हाताचा पंजा कुत्र्याकडे आडवा धरलेला, आणि जाड, सपाट आवाजात एकच शब्द: ‘थांब.’ किंवा ‘सिट’. पाळलेल्या पुष्कळ कुत्र्यांना तो शब्द येतो आणि अनोळखी माणसाकडून ऐकून ते गोंधळून का होईना, थबकतात. हातात पिशवी, छत्री, सायकल, जे असेल ते मध्ये आणा. मारायला नव्हे, फक्त आडोशाला. कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघू नका, पाय आपटू नका, दगड उचलल्याचा अभिनय करू नका. खेळायला आलेल्या कुत्र्याला चिडवण्याचे ते हमखास उपाय आहेत. मुलाला हळू आवाजात सांगा, ‘झाड.’ तालीम झालेली असेल तर एवढा एक शब्द पुरतो. दोन-अडीच वर्षांच्या आतलं मूल मात्र झाड होऊ शकत नाही. त्याला उचलावंच लागतं, पण कुत्रा लांब असतानाच उचला, छातीशी घट्ट धरा आणि कुत्र्याकडे खांदा करा.

आता मालक. इथे माझं मत अगदी पक्कं आहे: मुलाची भीती मालकाला समजावून सांगायला जाऊ नका.

‘अहो, ती घाबरते हो’ असं म्हटलं की विषय बदलतो. कुत्रा मोकळा आहे हे बाजूला पडतं आणि तुमची मुलगी घाबरट आहे यावर चर्चा सुरू होते. मालक खाली वाकतात, ‘अगं बाळ, घाबरू नको, बघ किती गोड आहे, हात लाव’ म्हणत कुत्र्याला अजून जवळ आणतात. आपण मदत करतोय असं त्यांना मनापासून वाटत असतं. काही जण ‘मुलाला ॲलर्जी आहे’ अशी थाप मारायला सुचवतात. ती लागू पडते, पण मूल शेजारी उभं राहून ऐकत असतं. घाबरणं ही लपवायची गोष्ट आहे, एवढंच ते त्यातून शिकतं. मी ती थाप दोनदा मारली आणि सोडून दिली.

बोलायचं ते एवढंच: ‘दादा, पट्टा लावा.’ किंवा ‘ताई, त्याला जवळ घ्या.’ कारण नाही, माफी नाही, टोमणा नाही. आवाज वाण्याकडे सुटे पैसे मागताना असतो तसा. समोरून ‘तो चावत नाही’ येईल. ‘असेल, पट्टा लावा.’ ‘मुलांना सवय व्हायला हवी’ येईल. ‘पट्टा लावा.’ ‘तुम्ही घाबरता म्हणून ती घाबरते’ हेही येईल, आणि तेव्हा जिभेवर बरंच काही येतं. गिळा. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणा. चौथ्यांदा म्हणायची वेळ माझ्यावर क्वचितच आली आहे.

ऐन वेळी कामाला येईल असं आणखी एक: ‘काही करत नाही हो तो’ या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी हाक मारली तरी तो येत नाही’ असा असतो. हाकेसरशी फिरणारा कुत्रा ज्यांच्याकडे असतो ते ओरडून खात्री देत बसत नाहीत, कुत्र्याला बोलावतात. म्हणजे तिकडून ते वाक्य आलं की कुत्रा परत जाईल म्हणून वाट बघू नका. मालकालाच चालत यावं लागणार आहे, तोवर किल्ला तुम्हालाच लढवायचा आहे.

आणि पट्टा आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. मुठीत गुंडाळला जाणारा, पाच-सहा मीटर सुटणारा तो दोरीचा पट्टा घाबरलेल्या मुलाच्या दृष्टीने नसल्यासारखाच. वर ती बारीक दोरी मुलाच्या पायाला घासून गेली तर भाजल्यासारखा ओरखडा उठतो. तिथे ‘पट्टा लावा’ नव्हे, ‘दोरी आखडा’ म्हणायचं.

समोरचा ऐकतच नसेल तर तिरकं, सावकाश, मुलाला कुत्र्यापासून लांबच्या बाजूला ठेवून निघून जा. पाठ फिरवून पळायचं नाही. हरल्यासारखं वाटतं, वाटू द्या.

भांडायचं असेल तर दुसऱ्या दिवशी

कुत्र्याला फिरवणारी माणसं वेळेची पक्की असतात. मुलाला घरी ठेवून त्याच वेळी जा आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगा. अर्ध्याअधिक जणांना खरंच कल्पना नसते. एक बाई मला म्हणाल्या, ‘मला वाटलं तुमची मुलगी खेळताना ओरडतेय.’ त्या दिवसापासून त्या आम्हाला बघून कुत्र्याला बाकापाशी बसवून ठेवायच्या. उरलेल्यांसाठी जागेची व्यवस्था ज्यांच्याकडे असेल त्यांना लेखी कळवा: तारीख, वेळ, जागा, कुत्र्याचं वर्णन. ‘इथे कुत्र्यांचा फार त्रास आहे’ अशी तक्रार कोणी हलवत नाही.

अंतराचा हिशेब

भीती कमी करायचं काम वेगळं. ते शांत दिवशी, बांधलेल्या, ओळखीच्या, शक्यतो म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर करायचं.

पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडासाच पुढे सरकवायचा, असं करत करत पीटर सशाला बोटं कुरतडू देण्यापर्यंत आला. मला त्यातला मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खाऊची ही पद्धत सुरू होण्याआधी, न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळवून प्रगती चालू असताना पीटर आजारी पडून रुग्णालयात गेला आणि तिथून बाहेर पडताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि सोबतच्या परिचारिकेच्या अंगावर उडी मारून गेला. दोघंही घाबरले. परत आल्यावर पीटर जवळजवळ पहिल्या जागी येऊन पोचला होता. आठवड्यांची मेहनत एका उडीत गेली, आणि ‘काही करत नाही’ म्हणणाऱ्यांना हेच दिसत नाही.

तर, मूल आरामात खाऊ शकतं, गप्पा मारू शकतं इतक्या अंतरावर बसा. आमचं ते अंतर पहिल्या दिवशी अख्खं मैदान होतं. पुढच्या वेळी दोन पावलं पुढे. बोलणं थांबलं, घास तोंडातच राहिला, तर तुम्ही फार पुढे आलात. दोन पावलं मागे जा. पुढे कधी जायचं हे मूल ठरवेल. जबरदस्तीने हात लाववून भीती ‘मोडणारे’ काकामामा या दिवसांत लांब ठेवा.

चावा बसलाच तर

साबण आणि वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवा. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे. रक्त न आलेला ओरखडासुद्धा दाखवायचा आणि कुत्र्याच्या लसीचं पुस्तक मालकाकडून मागून घ्यायचं. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून ‘बघू उद्या’ नाही.

हात लावायचा असेल तर

मुलाने स्वतःहून म्हटलं तरच. आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याला. कुत्र्याला विचारायचं म्हणजे बाजूला उभं राहायचं आणि तो येतो का बघायचं. नाकासमोर हात खुपसून ‘वास घेऊ दे’ करायचं नाही, डोक्यावरून थोपटायचं नाही. तो आला तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो अजून जवळ सरकला तर पुन्हा तीन सेकंद. तोंड फिरवलं तर झालं, निघायचं.

धाकटा आता हे सगळं करतो. थोरली बारा वर्षांची झाली, तिने अजून एकाही कुत्र्याला हात लावलेला नाही आणि मीही तिला कधी लाव म्हटलेलं नाही. परवा एक मोकळा कुत्रा आमच्याकडे आला तेव्हा ती झाड झाली, तो पाय हुंगून गेला, आणि मागून येणाऱ्या गृहस्थांना माझ्याआधी तीच म्हणाली, ‘काका, पट्टा लावा.’