नंबर नाही लागला? आधी माती उकरून पाहा

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की पानठेल्यावर बसलेल्यालाही आपले मार्क माहीत असतात. "मंग, लागला का नंबर?" हा प्रश्न मी लागोपाठ दोन वर्षं ऐकला. पहिल्या वर्षी किराणा आणायला मागच्या गल्लीनं जायचो. दुसऱ्या वर्षी जूनच्या शेवटी बाबांसोबत वावरात गेलो. सोयाबीन अर्धंमुर्धंच उगवलं होतं. बाबा पेरणीच्या ओळीत उकिडवे बसले, बोटानं माती उकरली, एक दाणा काढून चिमटीत दाबला. कुजलेला होता. "दुबार पेरणी करा लागन," ते म्हणाले, "पण पयले पाहा लागते, बियानं कावून नाही निंघालं ते."

तिसऱ्या वेळी माझा नंबर लागला. आता यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. दरवर्षी निकालानंतर एखादा पोट्टा किंवा पोट्टी ओपीडी संपायची वाट पाहत बाकावर बसलेली असते. "सर, आता हिंमतच होत नाही." त्यांना जे सांगतो, ते क्रमानं लिहितो.

पहिले आठ दिवस: निर्णय नको, फॉर्म मात्र भरा

या आठ दिवसांत "रिपीट करायचं की नाही" याचा निकाल लावू नका. रडू येत असेल तर रडा, वावरात जा, मामाकडे जाऊन या. लोकांसाठी एकच उत्तर ठरवून ठेवा: "यंदा नाही झालं, पुढचं पाहतो." रोज नवीन खुलासा देत बसलात की त्यातच जीव जातो.

पण प्रवेशाचे फॉर्म सोडू नका. मार्क कमी आहेत म्हणून नोंदणीच न करणारे खूप असतात. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षातून भरतात, आणि दोन्हीकडे वेगळी नोंदणी करावी लागते. प्रवेशाच्या फेऱ्या कित्येक आठवडे चालतात, शेवटाकडे कटऑफ खाली सरकतो. २०२४ मध्ये अमरावती, वाशिम, बुलढाणा, भंडारा आणि गडचिरोलीला नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. आमच्या वेळी ती नव्हती.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. माझ्या एका मित्राला मार्कांनी नाही, जात वैधता प्रमाणपत्रानं अडवलं. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, हेही घरात कुणाच्या लक्षात नसतं. निकालाची वाट न पाहता जात वैधतेचा अर्ज हिवाळ्यातच करून ठेवा, आणि नॉन-क्रिमिलेअर प्रवेशाच्या वेळी मुदतीत राहील असं पाहा.

मग हिशेब

परीक्षा घेणारी संस्था एनटीए प्रत्येकाच्या ओएमआरची (गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर टाकते. ती मुदतीत उतरवून घ्या आणि एक दुपार घेऊन बसा. मी दुसऱ्या वेळी बसलो, तेव्हा हे निघालं.

जीवशास्त्र: ९० पैकी ७० बरोबर, १२ चूक, ८ सोडले. मार्क २६८.
रसायनशास्त्र: २२ बरोबर, १५ चूक, ८ सोडले. मार्क ७३.
भौतिकशास्त्र: ४५ च्या ४५ सोडवले. १४ बरोबर, ३१ चूक. मार्क २५.

एकूण ३६६. बरोबर उत्तराचे ४ आणि चुकीला वजा १, हे मला काय माहीत नव्हतं? पण भौतिकशास्त्रात १४ गणितांनी कमावलेल्या ५६ पैकी ३१ मार्क मी स्वतःच्या हातानं परत दिले, हे कागदावर पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला आणि त्याच वेळी बरंही वाटलं. तोवर "आपल्या डोक्यातच नाही" असं वाटायचं. आता दुखणं कुठं आहे ते दिसलं.

मग प्रत्येक चुकीपुढं एक खूण करा: आलंच नाही, येत होतं पण चुकलं, की अंदाजपंचे ठोकलं. तिन्हींचा इलाज वेगळा. अंदाजपंचेवाल्यांना अभ्यास लागत नाही, हात आवरावा लागतो. येत होतं पण चुकलं, त्यासाठी चुकांची वही. माझ्या वहीत एक गणित तीन वेळा होतं: बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. वस्तूचं अंतर ऋण धरायचं, उत्तर ६० येतं. मी घाईत धन धरायचो, उत्तर १२ यायचं, आणि पर्यायांत १२ असायचंच. पेपर काढणाऱ्याला आपली चूक आधीच ठाऊक असते. तिसऱ्यांदा तेच लिहिताना मला हसू आलं. चौथ्यांदा ते चुकलं नाही.

रिपीट करायचं का

नीट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही, आणि वयाची कमाल अटही २०२२ मध्ये निघाली. पण नियमात बसतं म्हणून घरच्या खिशात बसतं असं नाही. नागपूर-अकोल्याचा क्लास, खोली, मेस यांचा आकडा बाबांसमोर बसून मांडा. पैसे कापसाचे येणार की कर्जाचे, हे पोराला माहीत असलंच पाहिजे. "येत होतं पण चुकलं" आणि अंदाजपंचे मिळून जास्त मार्क गेले असतील, तर घरी राहून जुने पेपर आणि एनसीईआरटीची पुस्तकं यांच्यावरही वर्ष निघू शकतं. "आलंच नाही" हेच जास्त असेल, तर शिकवणारं माणूस लागेल. बीएएमएस (आयुर्वेद), फिजिओथेरपी, पशुवैद्यक हेही नीटच्याच मार्कांवर मिळतात. त्यातलं काही मनापासून आवडत असेल तर ते घेण्यात कमीपणा नाही. गावात गाईचं आडलेलं वासरू सोडवणाऱ्या डॉक्टरची इज्जत पाहा. (घरात अकरावीला जाणारं भावंड असेल आणि तुम्ही ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांत असाल, तर नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेची मोफत प्रशिक्षणाची जाहिरात आली का, ते पाहत राहा.)

वर्ष काढायचं कसं

मोटिवेशनचे व्हिडिओ मीही भरपूर पाहिले. लाईन गेली की त्यांचा असर जायचा. टिकलं ते एवढंच: रोजचा किमान आकडा. चांगल्या दिवशी कितीही करा, पण तापानं फणफणत असाल किंवा घरी पाहुणे असतील तेव्हाही दहा प्रश्न. दहा सोडवून, तपासून, चूक वहीत लिहून मगच झोपायचं. साखळी तुटली नाही की सकाळी बसायला लाज वाटत नाही.

भौतिकशास्त्र पहाटे, डोकं थंड असताना. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी हात लागतातच, तेव्हा वादावादी न करता आधीच ठरवा: आठवड्यातून दोन सकाळी वावरात, बाकीच्या माझ्या. वेचताना मी मनातल्या मनात वनस्पतींची कुळं म्हणायचो. माल्व्हेसी तर हातातच असायचं.

मॉक टेस्ट रात्री कूलरसमोर देऊ नका. खरा पेपर मे महिन्यात, दुपारी २ ते ५. एप्रिलपासून दर रविवारी त्याच वेळेला, टिनाच्या खोलीत, पंखा असेल तर पंखा, नसेल तर नाही, ओएमआर छापून घेऊन बसा. शेवटच्या तासात घामानं कागद हाताला चिकटतो आणि डोकं बंद पडतं. ते परीक्षेत पहिल्यांदा घडायला नको.

आणि एक. झोप उडाली, जेवण जाईना, आपण नसलो तर बरं असं मनात यायला लागलं, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. घरच्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी दुसऱ्या वर्षी कुणालाच सांगितलं नाही. आईनं ताटातली उरलेली भाकर पाहून ओळखलं.

पेपरच्या आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी पोचा. दुपारी दीडला गेट बंद होतं आणि एसटीचा भरवसा नाही. पेपर सुटल्यावर स्टँडवर उसाचा रस प्या. कुणी उत्तरं जुळवायला आलं तर त्यालाही एक ग्लास पाजा आणि पीक कसं आहे ते विचारा.