पीक जवळ आले, म्हणून वेग वाढला?

ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या कठीण कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर नॅनोट्यूबचा (अतिसूक्ष्म कार्बन नळ्यांचा) थर चढवला, सीव्ही (व्होल्टेज पुढे-मागे फिरवून प्रवाहाचा आलेख) काढली, जाता-येतानाच्या दोन पीकमधलं (प्रवाहाच्या शिखरांमधलं) अंतर १२० मिलिव्होल्टवरून ७० वर आलं. अहवालात लगेच वाक्य पडतं, 'इलेक्ट्रॉन स्थानांतराचा वेग वाढला.' ते लिहिण्याआधी थर न चढवलेल्या, उघड्या इलेक्ट्रोडची झडती घ्या. बऱ्याचदा तो १२० चा आकडा कार्बनचा नसतो, त्यावरच्या मळाचा असतो.

पॉलिश करताना ॲल्युमिना (घासायची पूड) १, मग ०.३, मग ०.०५ मायक्रॉनचा. प्रत्येकाला वेगळं पॅड, नाहीतर जाड कण बारीक टप्प्यात येऊन ओरखडे पाडतात. इलेक्ट्रोड उभा धरून इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीन मिनिटं फिरवा, भरपूर शुद्ध पाण्याने धुवा, मग मिनिटभर सोनिकेटर (ध्वनिलहरींनी साफ करणारं यंत्र). तिथे जास्त वेळ ठेवलं तर कार्बन आणि भोवतीच्या टेफ्लॉनच्या सांध्यात फट पडते, द्रावण आत शिरतं आणि पार्श्वभूमीचा प्रवाह फुगतो. पॉलिश झाल्यावर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, टिश्यूने पुसायचं नाही, उघड्या हवेत तासभर ठेवून चहाला तर जायचंच नाही. ताज्या कार्बनवर हवेतली सेंद्रिय अशुद्धी पटकन बसते.

तपासणीसाठी १ मिलिमोलर फेरिसायनाइड, १ मोलर पोटॅशियम क्लोराइड, स्कॅन रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) ०.१ व्होल्ट प्रति सेकंद. अंतर ७०-८० च्या आसपास आलं तर पुढे जा. शंभराच्या वर गेलं तर पुन्हा पॅडकडे.

मात्र एकट्या फेरिसायनाइडवर निष्कर्ष काढू नका. ते पृष्ठभागाच्या अवस्थेला फार हळवं आहे. रुथेनियम हेक्झामाइन या दुसऱ्या चाचणी-संयुगाला कार्बनवर काय चिकटलंय याची फारशी पर्वा नसते, तर पाण्यातल्या फेरस-फेरिक जोडीला पृष्ठभागावरचे कार्बोनिल गट लागतात. तिन्ही शेजारी ठेवा. रुथेनियम जसंच्या तसं आणि फेरस-फेरिक वेगवान, तर फरक ऑक्साइडचा. रुथेनियमसुद्धा मंदावलं, तर पृष्ठभाग झाकला गेलाय किंवा द्रावणाच्या विद्युत रोधाची गडबड आहे. रुथेनियमसाठी आधी पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडा, नाहीतर ऑक्सिजनचा प्रवाह त्यात मिसळतो.

आता हिशेब. निकल्सनच्या १९६५ च्या पद्धतीत अंतरावरून 'साय' हा बिनएककाचा आकडा मिळतो आणि तो π, विसरण गुणांक (रेणू द्रावणात किती पटकन पसरतात ते), स्कॅन रेट व एफ/आरटी (फॅरेडे स्थिरांक भागिले वायू स्थिरांक व तापमानाचा गुणाकार) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणला की वेग स्थिरांक. २५ अंशांना, विसरण गुणांक ०.०००००७ चौ.सेमी प्रति सेकंद आणि रेट ०.१ धरला, तर ते वर्गमूळ साधारण ०.००९. अंतर ८४ असेल तर साय १, म्हणजे वेग ०.००९ सेमी प्रति सेकंद. १०५ ला साय ०.५, वेग निम्मा. पण ६५ ला साय ५ आणि ६१ ला २०! चार मिलिव्होल्टमध्ये वेग चौपट. तिथे दशांश चिन्हानंतर आकडे लिहिणं म्हणजे शुद्ध थाप. स्कॅन रेट वाढवून अंतर ८० ते १४० मध्ये आणा, मग मोजा.

रेट वाढवला की रोध डोकं वर काढतो. ३ मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवर ५ मिलिमोलर द्रावणात ०.१ ला पीक प्रवाह ८० मायक्रोअँपिअरच्या घरात असतो. उपकरणाने भरपाई न केलेला द्रावणाचा रोध समजा १०० ओहम. प्रत्येक पीक ८ मिलिव्होल्टने सरकतं, अंतर १६ ने वाढतं. १ व्होल्ट प्रति सेकंदाला हेच ५० च्या आसपास. उपाय साधे: सांद्रता १ मिलिमोलर, मीठ जास्त, संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) जवळ. रेट वाढवताना वेग स्थिरांक घसरत गेला, तर आधी रोधावर संशय घ्या.

आणि तो नॅनोट्यूबचा थर? सच्छिद्र थरात द्रावण अडकतं आणि पातळ थरासारखं वागतं. वेग तोच राहूनही पीक जवळ येतात. पीक प्रवाह व स्कॅन रेट यांचा लॉग-लॉग आलेख काढा. उतार ०.५ असेल तर विसरण. १ कडे झुकला तर अडकलेलं किंवा चिकटलेलं द्रव्य, आणि निकल्सनचं गणित तिथे लागू नाही. इलेक्ट्रोड धुऊन कोऱ्या (चाचणी-संयुग नसलेल्या) द्रावणात बुडवा. पीक तिथेही दिसलं, तर खुलासा झालाच.

थर बांधायला नॅफिऑन (बाईंडर म्हणून वापरायचं पॉलिमर) वापरलं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: त्यातले ऋणभारी सल्फोनेट गट फेरिसायनाइडला लोटतात आणि रुथेनियमला आत ओढतात. कोरं नॅफिऑन लावलेला इलेक्ट्रोड तुलनेला घेतला नाही, तर बाईंडरचा परिणाम नॅनोट्यूबच्या नावावर जमा होतो.