दगडी पाल्याचा अर्क जखमेवर तपासायचाय?

एम.फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रोजेक्टला वनस्पती निवडायची म्हटलं की खान्देशात बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं दगडी पाल्याचं, म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्सचं. विळा लागला की हाच पाला तळहातावर चुरून जखमेवर पिळतात. निवड चांगली आहे, पण फुकट आणि पायाखाली मिळतो म्हणून गोळा करतानाच घोळ होतो.

कपाशी-केळीच्या बांधावरचा पाला घेऊ नका. फवारणीचं औषध अर्कात उतरतं, पेशी मरतात आणि खापर वनस्पतीवर फुटतं. पडीक जागेवरचा, पावसाळ्यानंतर फुलावर आलेला पाला घ्या. एक झाड मुळा-फुलासकट दाबून, वाळवून कागदावर चिकटवा (हर्बेरियम शीट) आणि ओळख वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून लेखी घ्या. गावातल्या नावावर विसंबू नका: घायपात म्हणजे अगेव्ह, घायमारी म्हणजे पानफुटी, आणि ऐकणारा दोन्ही एकच समजतो.

पाला किती लागेल? हिशोब उलटा करा. प्राण्यांवरच्या चाचणीत गटात 6 उंदीर, रोज प्रत्येकी अर्धा ग्रॅम मलम, 16 दिवस: 48 ग्रॅम. 5 टक्के मलमाला 2.4 ग्रॅम अर्क, 10 टक्के गटाला 4.8, एकूण 7.2. उतारा, म्हणजे पावडरीतून निघणारा अर्क, 10 टक्के धरला तर 72 ग्रॅम पावडर. सांडलवंड आणि पेशींवरच्या चाचण्या धरून 150 ग्रॅम करा. पाला वाळून साधारण पाचवा हिस्सा उरतो, म्हणून किलोभर ओला पाला एकदमच आणा. मध्येच अर्क संपला आणि दुसऱ्या महिन्यातला पाला वापरला, की तो वेगळाच नमुना झाला.

वाळवायचं सावलीत, पातळ पसरून. धाब्यावर उन्हात नको, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावरही नको. तिथे पाला भाजतो. सप्टेंबरात उलट बुरशीची भीती, म्हणून दिवसातून दोनदा खालवर करा. पावडर करताना मिक्सर थांबवत थांबवत चालवा, म्हणजे पाला तापत नाही.

पावडरीच्या दहापट 70 टक्के इथेनॉलमध्ये 3 दिवस भिजवा, अधूनमधून हलवा, गाळा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) 45 अंशांच्या आत आटवा. दोन वजनं सारखी येईपर्यंत सुकवा. अर्कात राहिलेलं अल्कोहोल जखमेला झोंबतं. गावात वापरतात तो ताजा रस. हा अर्क म्हणजे तो रस नव्हे, तेव्हा जमलं तर रसाचाही एक गट ठेवा.

पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या रंगाची चाचणी) करताना नवखे हमखास फसतात. पाल्यातले पॉलिफेनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. मग 110-120 टक्के जिवंतपणा येतो आणि आनंदीआनंद! प्रत्येक मात्रेसाठी प्लेटमध्ये पेशी न घातलेली एक विहीर (खाचा) ठेवा आणि तिचं वाचन वजा करा. अर्क विरघळवायचं डीएमएसओ शेवटी अर्ध्या टक्क्याच्या आत हवं, आणि तेवढंच कंट्रोलमध्येही (अर्क न घातलेल्या पेशींतही).

स्क्रॅच चाचणीत (पेशींच्या थराला ओरखडा काढून तो कसा भरतो ते पाहतात) 200 मायक्रोलिटरच्या पिपेटच्या टिपने एका दमात सरळ रेघ ओढा. सुटलेल्या पेशी पीबीएसने (पेशी धुण्याच्या खारट द्रावणाने) धुऊन टाका, नाहीतर त्या भेगेतच बसतात. फोटो 0, 12 आणि 24 तासांना त्याच जागेचे हवेत. प्लेटच्या तळाला आधीच मार्करची आडवी खूण करा. भेग भरली ती पेशी सरकल्या म्हणून की वाढल्या म्हणून, हे कळायला सीरम (पेशींना वाढवणारा रक्तातला द्रव) कमी ठेवा.

प्राण्यांसाठी आचारसमितीची परवानगी आधी, पाला नंतर. बैठक दर महिन्याला होतेच असं नाही. 150 ते 200 ग्रॅमचे विस्टार जातीचे मोठे उंदीर (रॅट), भूल देऊन पाठीवर सुमारे 500 चौरस मिलिमीटरची जखम, आणि नंतर प्रत्येकाला वेगळा पिंजरा. एकत्र ठेवले तर एकमेकांचं मलम चाटतात. पारदर्शक शीटवर कडा गिरवा आणि आलेख कागदावर चौकोन मोजा. पहिल्या दिवशी 480, आठव्या दिवशी 192, म्हणजे 60 टक्के आकुंचन. गिरवणाऱ्याला गट माहीत नसावा.

नुसत्या मलमाच्या बेसचा गट अनेक जण गाळतात. लोकरीची चरबी आणि पॅराफिनचा बेस जखम ओली ठेवतो, तेवढ्यानंही ती लवकर भरते. अर्काची तुलना या गटाशीच करायची, उघड्या जखमेशी नाही. पोव्हिडोन आयोडीनला (तुलनेसाठी लावतात त्या जंतुनाशकाला) हरवल्याचाही फार गवगवा नको, ते स्वतः फायब्रोब्लास्टला (जखम भरणाऱ्या पेशींना) जाचक आहे. शिवाय उंदराची कातडी खालच्या स्नायूमुळे आखडून जखम मिटवते, माणसाची मुख्यतः नवी त्वचा येऊन. म्हणून आकुंचनाच्या जोडीला खपली पडल्याचा दिवस, हायड्रॉक्सिप्रोलीन (नव्या कोलॅजनचं माप) आणि ऊतींची स्लाइड हे तिन्ही द्या.