मोटारहोमपुढे मूस आला तर: अलास्का हायवेवर जनावरांशी कसे वागावे

कॅनडातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंतचा अलास्का हायवे आम्ही एडमंटनहून निघून आजवर पाच वेळा केला, दर वेळी मोटारहोमने, म्हणजे चाकांवरच्या घराने. १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने युद्धासाठी काढलेला हा रस्ता आजही शेकडो किलोमीटर निव्वळ जंगलातून जातो. भारतातून येणारे नातेवाईक पहिला प्रश्न अस्वलाचा विचारतात. पण मोटारहोमवाल्याला इथे खरी भीती मूसची (हरणाच्या कुळातले अवाढव्य जनावर) आणि बायसनची (तिथला रानटी बैल), तीही गाडी चालू असताना.

निघण्याआधी: बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) विमानातून नेता येत नाही, तिथे पोचल्यावर घ्या आणि कमरेला लावा. कपाटात ठेवलेला स्प्रे नसल्यातच जमा.

गाडी चालवताना: इथे मी थांबून सांगणार आहे, कारण इथेच माझी चूक झाली होती.

मूस घोड्याहून उंच असतो. मोठा नर ६००-७०० किलो भरतो. रंग काळपट, त्यामुळे तिन्हीसांजेला तो झाडीच्या सावलीत विरघळून जातो. हरणाचे डोळे दिव्यांत चमकतात तसे याचे चमकतील या भरवशावर राहू नका. त्याचे डोके पुष्कळदा दिव्यांच्या झोताच्या वरच राहते. आता हिशेब करा. ताशी ९० च्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. मूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच सदतीस मीटर संपले. त्यानंतर तुमचे सगळे घर, पाण्याच्या टाकीसकट, मागून रेटत असते.

ऑगस्टची अखेर होती. फोर्ट नेल्सन सोडून आम्ही वॉटसन लेककडे निघालो होतो, मुक्काम गाठायला उशीर झाला होता. उजव्या चरातून मूसची मादी वर आली. मी वेळेत ब्रेक दाबला, ती रस्ता ओलांडून गेली, आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे बघत श्वास सोडला आणि मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. त्याच क्षणी तिचे पिल्लू त्याच चरातून वर आले. मागचा चमच्यांचा खण उघडून सगळी भांडी पुढे आली. गाडी थांबली तेव्हा पिल्लू बंपरपासून दोन हातांवर उभे होते. चरातले पाणी त्याच्या पोटावरून ठिबकत होते, कान दोन्हीकडे हलत होते. ते गेल्यावर कितीतरी वेळ माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जनावर गेले त्या बाजूला नाही, आले त्या बाजूला बघा. मादीमागे पिल्लू असते, कधी दोन असतात, आणि कॅरिबूमागे (उत्तरेकडचे कळपाने फिरणारे हरीण) तर अख्खी रांग. हॅझर्ड दिवे लावा, मागे कोण येतेय ते आरशात पाहा, आणि जनावर आले तो काठ पुरता रिकामा दिसल्याशिवाय हलू नका. शेजारी बसलेल्याने उजवा चर सांभाळायचा, चालवणाऱ्याने डावा. फोन बघणाऱ्याने मागे जाऊन बसावे.

आणि गाडी वळवून वाचवायला जाऊ नका. 'हँडल मार' असे सांगणाऱ्याने मोटारहोम कधी चालवलेली नसते. उंच गाडी, कडेला भुसभुशीत खडी: एक चाक उतरले की ती कलंडते. आपल्या लेनमध्ये सरळ राहून पूर्ण जोराने ब्रेक दाबा. बंपरला लावायच्या शिट्ट्या विकत घेऊ नका. त्यांनी जनावरे दूर राहतात याला पुरावा नाही. उपाय दोनच: वेग ७०-८० च्या वर न्यायचा नाही, आणि झुंजुमुंजू किंवा तिन्हीसांजेला रस्त्यावर असायचे नाही. जून-जुलैत रात्रभर उजेड असतो म्हणून लोक चालवत सुटतात. उजेड असला तरी जनावरे रस्त्यावर येतातच.

मंचो लेकजवळ स्टोन शीप मेंढ्या खनिजे चाटायला रस्त्यालगत उतरतात, तिथे सावकाश जा. लिअर्ड नदीच्या परिसरात बायसनचे कळप रस्त्यावरच चालतात, बसतातही. थांबा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. अर्धा तास लागला तर लागू द्या.

रस्त्याकडेला अस्वल दिसले तर लेनमध्ये गाडी उभी करू नका. मागून येणारा ट्रक तुमच्यामुळे मरेल किंवा मारेल. फोटो खिडकीतून, गाडीतूनच. आणि काही टाकू नका, बिस्किटाचा तुकडासुद्धा. माणसाच्या हातचे खायला चटावलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते.

मुक्कामाला अन्न, कचरा, कुत्र्याचे ताट, सगळे आत. शेगडीची तेलकट जाळी धुवून आत घ्या. सुकट-बोंबील बाहेर भाजायचा मोह इथे आवरा. तो वास आपल्याला लागतो त्याच्या कितीतरी दूर अस्वलाला लागतो.

पायी समोरासमोर आलात तर दोघांचे नियम उलट आहेत. अस्वलापासून पळायचे नाही: एकत्र उभे राहा, शांत आवाजात बोला, मागे सरका, अंगावर आले तर स्प्रे. मूसपासून मात्र पळायचे आणि जाड झाडाच्या किंवा गाडीच्या आड जायचे. कान मागे पडले आणि मानेवरचे केस उभे राहिले की वाट बघू नका. कुत्रा पट्ट्याशिवाय सोडू नका. मूसला तो लांडगाच वाटतो, चवताळून मागे लागतो, आणि कुत्रा पळत तुमच्याकडेच येतो.

सकाळी दार उघडण्याआधी चारही खिडक्यांचे पडदे बाजूला करा आणि दारावर आतून दोन थापा मारा. लिअर्डला एकदा आमच्या पायरीपाशीच बायसनच्या शेणाचा पो पडलेला होता, अजून वाफ निघत होती. मुलांना आत थांबवून आम्ही पंधरा मिनिटांनी दार उघडले.